सुई कुठे, बधिरता कुठवर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची पिढी प्रोस्टेटच्या तक्रारींच्या वयात आल्याने ‘कमरेतले इंजेक्शन’ हा तेथील मराठी घरांतही बोलण्याचा विषय असतो, आणि त्यात एक समज हटकून निघतो: सुई जितकी वर टोचावी तितकी भूल पक्की, आणि बधिरता बेंबीशीच थांबली तर भूल अर्धवट. कितीही खोडला तरी पुन्हा उगवणाऱ्या या समजात सुईची जागा आणि बधिरतेची पातळी यांची सरमिसळ आहे.

प्रौढांत मज्जारज्जू बहुधा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणून सुई त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या फटीत घालतात. ‘जरा वर’ म्हणणाऱ्यांनी २००० साली ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या नियतकालिकात आलेला ब्रॉडबेंट व सहकाऱ्यांचा अभ्यास पाहावा; एमआरआयशी ताडल्यावर भूलतज्ज्ञांनी चाचपून ओळखलेली फट केवळ २९ टक्के वेळा बरोबर निघाली, आणि चूक बहुतेकदा वरच्या बाजूला झालेली होती.

बधिरता किती वर चढेल हे मुख्यतः औषधाची मात्रा, त्याचा जडपणा आणि रुग्णाची स्थिती ठरवते. डेक्स्ट्रोज मिसळलेले बुपिव्हकेन मज्जारज्जूभोवतीच्या द्रवापेक्षा जड असल्याने रुग्ण उताणा झाला की ते कमरेच्या बाकावरून छातीकडे उतरते, म्हणूनच भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा मांडीपासून वर सरकवत “आजोबा, इथे गार लागतंय का?” असे विचारत राहतात आणि गरजेनुसार टेबलाचा कल बदलतात.

आता बेंबीच का? मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी खरवडताना मूत्राशय द्रवाने फुगते, आणि त्या ताणाची वेदना छातीच्या अकराव्या ते कमरेच्या दुसऱ्या मज्जातंतूच्या वाटेने वर जाते. बेंबीजवळची त्वचा दहाव्याकडे असते, म्हणून तेथवरची बधिरता पुरते. (मूत्राशयातला दाब वाढू न दिल्यास केवळ बैठकीचा भाग बधिर करूनही काम भागू शकते.) त्याहून वर चढलेली भूल ही चैन नव्हे: रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो, छातीच्या पहिल्या चार तंतूंपर्यंत पोहोचल्यास नाडी मंदावते, आणि मूत्राशयाला छिद्र पडल्याची सूचना देणारी पोटातली वेदनाही झाकली जाऊ शकते.

रुग्ण जागा असणे म्हणजे भूल कमी पडणे नव्हे. मूत्राशयात सोडलेला ग्लायसिनयुक्त द्रव रक्तात शोषला जाऊन सोडियम उतरू लागले, तर मळमळ, अस्वस्थता, गोंधळ ही पहिली लक्षणे जाग्या रुग्णातच लवकर कळतात. पाय कायमचे जात नाहीत, काही तासांत हलू लागतात. जन्माची पाठदुखी या सुईच्या माथी मारण्यास पुरेसा आधार नाही. डोकेदुखी मात्र खरी आहे, तरी बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुयांनी ती बरीच घटली आहे आणि वृद्धांत ती तरुणांपेक्षा कमीच आढळते.