काटकोनात बसण्याचा हट्ट

२०२० च्या टाळेबंदीत बडोद्याच्या घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतल्या घरांत जेवणाच्या टेबलावर नाहीतर शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप मांडले गेले. पुढे अनेकांचं घरून काम कायमचं झालं, टेबल-खुर्ची आली आणि तिच्याबरोबर एक उपदेशही मुक्कामाला आला. आजोबांपासून खुर्ची विकणाऱ्यापर्यंत सगळे तो ऐकवतात: पाठ ताठ ठेव, कंबर आणि गुडघे काटकोनात ठेव, हलू नकोस, म्हणजे पाठ दुखणार नाही.

हे चूक आहे. कंबर काटकोनात वाकवली की कंबरेखालचं हाड मागे कलतं आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊ लागतो. डेन्मार्कचे शल्यविशारद मंडाल हे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी सांगत होते. २००६ मध्ये स्कॉटलंडमध्ये वसीम बशीर यांच्या गटाने २२ निरोगी माणसांचं बसलेल्या अवस्थेत एमआरआय केलं. पुढे वाकून, ९० अंशात ताठ आणि १३५ अंशात मागे रेलून, अशा तीन बैठका तपासल्या. मणक्यांमधल्या चकत्या सर्वांत कमी सरकल्या त्या रेलून बसल्यावर.

आता कुणी १३५ अंशाचा नवा हट्ट धरू नये. २२ माणसांवरून सगळ्यांसाठी नियम होत नाही. २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ बायोमेकॅनिक्स’मध्ये याविषयीच्या अनेक आढाव्यांचा एकत्र आढावा आला, अमुक बैठकीमुळेच कंबरदुखी होते यावर संशोधकांचं एकमत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. स्नायू थकतात ते एकाच स्थितीत आखडून राहिल्याने, मग ती स्थिती कितीही ताठ असो. म्हणून कधी रेला, कधी पुढे या, अर्ध्या तासाने उठून पाणी प्या. गृहपाठाला बसलेल्या मुलाने चुळबुळ केली म्हणून त्याला दटावणं तर कृपा करून थांबवा. त्याचं शरीर योग्य तेच करत असतं.

ज्याकडे खरंच लक्ष हवं, ती टेबलाची उंची कुणी मोजत नाही. तयार टेबल साधारण ७५ सेंटिमीटरचं असतं. पाच फूट उंचीची बाई पाय जमिनीला टेकवून बसली की तिचं कोपर ६०-६२ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे दिवसभर खांदे उचलून टायपिंग, आणि संध्याकाळी दुखणाऱ्या मानेचा दोष तिच्या बसण्याला! बडोद्याच्या विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असल्यापासून गृहविज्ञान शिकवलं जातं. स्वयंपाकाचा ओटा घरातल्या बाईच्या उंचीप्रमाणे हवा हे इथे घरोघर ठाऊक आहे. टेबलालाही तोच न्याय लावा. खुर्ची एवढी वर घ्या की कोपर टेबलाच्या पातळीला येईल, आणि अधांतरी झालेल्या पायांखाली पाट द्या. तो बुटका पडला तर ठोकळे लावून उंच करा.

बाकीचे समज थोडक्यात.

लॅपटॉप स्टँडवर ठेवला की काम झालं? नाही, आता हात वर गेले. कीबोर्ड आणि माउस वेगळे लागतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली, आणि अंतर हातभर.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने डोळ्यांचा ताण जातो? २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या पाहिल्या. निदान थोड्या काळात तरी बहुधा फरक पडत नाही. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, त्याने डोळे कोरडे पडतात. अधूनमधून लांब बघा.

उभं राहून काम करणं उत्तम? तासन्‌तास उभं राहिल्यानेही पाय आणि कंबर भरून येतात.

पेढीवरचे मुनीम जमिनीवरच बसत, मग लॅपटॉप मांडीवर का नको? मुनीमजींपुढे उतरतं मेज असे आणि पाठीशी तक्क्या.

खिडकीसमोर टेबल सर्वांत चांगलं? पोळमधल्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून, त्यामुळे उजेड मुख्यतः रस्त्याच्या बाजूने येतो. खिडकीकडे तोंड केलं की डोळे दिपतात, पाठ केली की पडद्यावर चकाकी येते. टेबल बाजूच्या भिंतीला लावा, खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येऊ द्या.