जमिनीवरचे हेलिकॉप्टर

पुरात माणसं अडकली, की हेलिकॉप्टर येते. छपराच्या वर ते अधांतरी उभे राहते, दोर सोडते आणि माणसं उचलून घेते. असे अधांतरी उभे राहणे फार अवघड. वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. मग हे शिकायचे कुठे? आकाशात चुकले तर जीव जातो.

म्हणून जमिनीवरच एक नकली हेलिकॉप्टर करतात. त्याला सिम्युलेटर म्हणतात. असे एक शिक्षणकेंद्र २०१० साली बंगळूरला सुरू झाले.

आपण आत डोकावू या. बैठक, दांडे, घड्याळे, सगळे खऱ्यासारखेच. समोर मोठ्या पडद्यावर डोंगर, नदी, पाऊस दिसतो. ही खोली सहा पायांवर उभी असते. पाय लांब-आखूड होतात, तशी खोली कलते आणि हादरते.

पण खोली पुढे पळत नाही. मग वेग कसा भासतो? खोली हळूच मागे कलते. पाठ बैठकीला दाबली जाते. पडद्यावर जमीन मागे पळत असते. एसटी एकदम सुटली म्हणजे पाठ मागे दाबते ना, अगदी तसे वाटते.

हे खऱ्यासारखे आहे का? आम्हाला विचाराल, तर पुष्कळसे आहे, पण सगळे नाही. डोळे म्हणतात, 'निघालो.' कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो म्हणतो, 'जागेवरच आहोत.' या भांडणात मळमळू लागते. १९५७च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलात असे यंत्र होते. तिथे शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांनाच जास्त मळमळले! कारण त्यांच्या अंगाला खरे उडणे ठाऊक होते.

मग उपयोग काय? ऐका. उडताना इंजिन बंद पडले, तर डाव्या हाताचा दांडा लगेच खाली न्यावा लागतो. मग खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत राहतात आणि हेलिकॉप्टर सांभाळून उतरवता येते. उशीर झाला तर पाती मंदावतात; मग इलाज नाही. शेपटीचा पंखा मोडला, तर हेलिकॉप्टर गरगर फिरू लागते. ही संकटे आकाशात मुद्दाम कोण आणील? नकली यंत्रात ती दहा वेळा आणता येतात. चुकले, तर वैमानिक घाम पुसतो आणि पुन्हा बसतो.

पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात. त्याने हातपाय मारायला येतात. पण शेवटी भोपळा सोडून विहिरीत उतरावेच लागते. जिवाची भीती नकली यंत्रात नसते, ती आकाशातच भेटते. मात्र तोवर हात तयार झालेले असतात.