रानाची ओळख सांगणारी माणसे

भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कास पठारावर राज्यभरातून माणसे लोटतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कास आहे. सुमारे ८५० सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे. पण फोटो काढून परतणाऱ्या बहुतेकांना त्यांतल्या पाचांचीही नावे ठाऊक नसतात. आपल्या निसर्गपर्यटनाची ही मोठी उणीव आहे. आपण जागा दाखवतो, पण तिथल्या झाडाझुडपांची आणि माणसांची सोयरीक सांगायची राहून जाते.

कासचा जांभा खडक, त्यावर मातीचा पातळ थर आणि त्यात नत्र कमी. म्हणून ‘सीतेची आसवे’ ही बोटभर उंचीची वनस्पती आपल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते आणि पचवते. लोकमनाला मात्र तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांत सीतेचे अश्रू दिसले. दोन्ही गोष्टी एका दमात ऐकल्या की ते फूल कायमचे लक्षात राहते. शेजारी फुललेला तेरडा याच महिन्यात कित्येक घरांत मुळांसकट गौर म्हणून येतो. उतारावरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्याच काठ्यांचे कूड शेणमातीने लिंपून डोंगरातली घरे उभी राहिली. पर्यटकाला अशा घरात मुक्काम मिळाला, तर कारवीवर वेगळे व्याख्यान नको.

गडांवरही हेच. शिवनेरीला आपण शिवजन्मस्थानापुढे माथा टेकतो. त्या परिसरातल्या कड्यांवर शिंदळ माकुडी ही वनस्पती वाढते, हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्राबाहेर ती रानात आढळत नाही. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव देताना मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची आठवण ठेवली. पावसाळ्यात तिला पाने फुटतात, पुढे ती झडतात आणि मांसल खोडावर ती उन्हाळा काढते. अशा दुर्मीळ वनस्पतीचा नेमका ठिकाणा मात्र जाहीर करू नये. तिचे खोड लावले की रुजते. गडाच्या पायथ्याशी रोपवाटिकेत ती वाढवावी आणि तिथेच दाखवावी.

ताडोबात वाघ दिसला नाही की सफारी वाया गेली, असे पर्यटक मानतात. वास्तविक ताडोबा हे नावच वाघाशी झुंजताना प्राण गेलेल्या तारू या गोंड प्रमुखाच्या लोककथेशी जोडलेले आहे. पांढऱ्या खोडाचा कहांडोळ, त्याचा डिंक, उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहाची फुले वेचणाऱ्या बाया, त्याच फुलांवर येणारी अस्वले आणि हरणे, हे सारे वाघ न दिसताही सांगता येते. तसेच गोव्यात आणि सिंधुदुर्गात चतुर्थीला गणपतीवर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधतात. तिच्यासाठी कवंडळ, कांगणे, कळलावी कुठल्या उतारावर मिळेल, हे गावातल्या जाणत्यांना पाठ असते.

हे ज्ञान टिकले आहे ते अशा माणसांमुळेच. शेवळे खाजतात, म्हणून भाजीत काकडाची फळे घालायची, हे रानभाज्या विकणाऱ्या कातकरी बाईकडून शिकावे. कासला परिसरातील गावांच्या समित्या गर्दीचे नियोजन करतात, ताडोबात गावातलेच तरुण गाइड आहेत. म्हणजे चौकट तयार आहे. तिच्यात वनस्पतींची शास्त्रीय माहिती आणि वडीलधाऱ्यांकडच्या कथा या दोन्हींचे शिक्षण आले पाहिजे, आणि सांगणाऱ्याला मानधनही मिळाले पाहिजे. त्याचबरोबर पर्यटकांना खूश करण्यासाठी नव्या दंतकथा रचणे कटाक्षाने टाळावे.

कथेने गर्दी वाढेल आणि रान तुडवले जाईल, ही भीती खरी आहे. दसऱ्याला सोने म्हणून आपटा कसा ओरबाडला जातो, हे आपण पाहतोच. पण ज्या कथेमुळे आपट्याला सोन्याचा मान मिळाला, तिच्यातल्या कौत्स या शिष्याने गुरुदक्षिणेपुरतेच सोने घेतले आणि उरलेले वाटून टाकले. ही कथा पुरती सांगितली, तर फांदी तोडायला उठलेला हात थांबेल. म्हणून संख्येची मर्यादा आणि ठरलेली पायवाट यांइतकीच चांगली सांगणारी माणसेही रानाच्या रक्षणासाठी हवीत.

वाचकहो, पुढच्या सहलीत गावातला एक जाणता सोबत घ्या. त्याला निदान पाच झाडांची ओळख विचारा, सवडीने ऐका आणि त्याच्या ज्ञानाचे रास्त मोल द्या.