मॅनेजर कर्नल, मग कोच कोण?

या आठवड्यात भारतीय क्रिकेट संघाच्या १९७४च्या इंग्लंड दौऱ्याकडे वळायचं कबूल केलं होतं. पण नागझिऱ्याला लागून असलेल्या चोरखमाऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलं आणि बेत फिरला. ते विचारतात, १९७१च्या इंग्लंड दौऱ्यावर लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी मॅनेजर होते हे कळलं, पण संघाचा कोच कोण होता?

कोणीच नव्हता! आपल्या संघाबरोबर कोच पाठवायची तेव्हा पद्धतच नव्हती. मॅनेजरने बोर्डाला जाब द्यायचा, हॉटेलं आणि प्रवास बघायचा, मेजवान्यांत भाषणं ठोकायची. अधिकारी एवढ्यावर थांबणारे नव्हते. पोरांना रोज मैदानात पळवायचं, झेल द्यायचे, चेंडू अडवून घ्यायचे. स्वतः कव्हरला नावाजलेले क्षेत्ररक्षक, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही. शिवाय सेनादलाच्या संघाची सवय. मुंबई-बडोद्यासारखी तयार पोरांची रांग तिथे नसते. आहेत त्यांना घासूनपुसून उभं करायचं. त्याच सेनादलाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा हरले, एकदा मुंबईकडून, एकदा बडोद्याकडून. पण पोचले, हेच मला मोठं वाटतं.

१९७१च्या त्या दौऱ्यात ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि आपण कसोटी जिंकली. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत. मी मात्र धावफलकात झेल शोधतो. फ्लेचर झेल सोलकर. नॉट झेल सोलकर. लकहर्स्ट झेल वेंकटराघवन. हेल्मेट नसलेल्या काळात एकनाथ सोलकर फलंदाजाच्या पुढ्यात, शॉर्ट लेगला उभा राहायचा. २७ कसोटींत ५३ झेल! त्याची छाती उपजतच होती, ती कुणा कर्नलने दिली नाही. पण बाकीच्यांचे हात? तिथे मी अधिकाऱ्यांना निम्मं श्रेय देऊन टाकतो.

आता कोणी म्हणेल, लष्करी शिस्तीने तो सामना जिंकला. हे मला पटत नाही. तीन वर्षांनी तेच कर्नल, तोच कर्णधार अजित वाडेकर, आणि लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत गारद! सोलकरच्या नाबाद १८ सोडल्या तर एकाचीही दोन आकडी धावसंख्या नाही. शिस्त तीच होती, फलंदाजी नव्हती.

पत्राचं उत्तर अजून अर्धंच झालं. पुढे १९९०च्या दशकात हेच वाडेकर संघाचे मॅनेजर झाले. १९९३ला त्यांच्या देखरेखीखाली आपण इंग्लंडला घरच्या मैदानांवर ३-० असं लोळवलं. पाटी मॅनेजरची, काम कोचचं. म्हणजे ही रीत कर्नलसाहेबांबरोबर संपली नव्हती.

१९७४चा दौरा पुढच्या आठवड्यात. लंडनमधल्या उच्चायुक्तांच्या मेजवानीला आपला संघ उशिरा पोचला होता, तिथूनच सुरुवात करू.