दुधी की मोतिया?

दिवाळी तोंडावर आली अन् आमच्या वाशीमच्या घरी वाद पेटला: आईच्या खोलीला रंग दुधी की मोतिया? नमुन्याच्या कागदावर दोन्ही जुळी भावंडे!

"अहो, भिंतीवर लावून तर पाहा!" सौ. म्हणाली. हातभर पट्टे ओढून रात्रभर वाळू दिले. सकाळी उत्तरेच्या खिडकीतल्या निळसर उजेडात दुधी राखेसारखा दिसला, मोतिया उबदार. रात्री पिवळ्या दिव्याखाली दोन्ही एकच! रंगाचा अर्धा जीव उजेडात असतो. वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. हरिषेण राजाच्या वराहदेव मंत्र्याने अजिंठ्याचे १६ वे लेणे करविले. तिथल्या चित्रकारांना हे ठाऊक असणारच.

मोतीबिंदू झालेली आई म्हणाली, "मला दोन्ही सारखेच रे! तुम्हांला इथे येऊन बसावेसे वाटेल, तो लाव."

मोतिया लावला. संध्याकाळचा चहा आता तिथेच होतो.