भिंतीत ड्रिल मारण्याआधी वाचा: फोनमधली लेव्हल, मेटल डिटेक्टर आणि लक्स मीटर ॲप्स कितपत खरी?

भिंतीवर एक फळी लावायची आहे, बाल्कनीत चार कुंड्या ठेवायच्या आहेत, आणि घरात हत्यार म्हणून एकच वस्तू आहे: खिशातला फोन. प्ले स्टोअर उघडलं की लेव्हल, टेप, मेटल डिटेक्टर, लक्स मीटर, होकायंत्र असं सगळं फुकट मिळतं. प्रश्न एवढाच की यातलं नेमकं कशावर विश्वास ठेवायचा.

फळी एक सूत तिरकी लागली तर फार तर पाहुणे हसतील. पण 'इथे काही नाही' असं ॲपने सांगितलं म्हणून ड्रिल मारलं आणि आत चालू वायर निघाली, तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून या लेखात आपण एकेक ॲप घेऊन बघूया की त्याच्यामागचा सेन्सर खरंच काय मोजतो. हे एकदा समजलं की कुठलं ॲप कुठे वापरायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

लेव्हल ॲप: चांगलं आहे, पण आधी तपासा

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाची एक छोटीशी चिप असते. फोन स्थिर असताना ती गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखते. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती याच चिपमुळे. लेव्हल ॲप हीच दिशा अंशांमध्ये दाखवतं. आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल आधीपासूनच असते. अँड्रॉइडवर मी फायफॉक्स वापरतो. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं हे ॲप मोफत आहे. त्यात फोनमधल्या जवळपास सगळ्या सेन्सरचे आकडे थेट दिसतात.

वापरण्याआधी दोन मिनिटांची एक चाचणी करा. फोनचं कव्हर काढा आणि ज्या कडेला बटणं नाहीत ती लांब कड टेबलावर टेकवून फोन उभा धरा. आकडा लिहून घ्या. आता तीच कड खाली ठेवून फोन फिरवा, म्हणजे उजवीकडचं टोक डावीकडे जाईल, आणि पुन्हा आकडा बघा. सेन्सर बरोबर असेल तर दोन्ही वेळा उतार तेवढाच आणि टेबलाच्या त्याच बाजूला दिसेल. समजा आधी ०.७ अंश आणि नंतर ०.३ अंश आला, तर टेबलाचा खरा उतार ०.५ अंश आहे आणि फोनची चूक ०.२ अंश आहे. बहुतेक ॲप्समध्ये कॅलिब्रेट असा पर्याय असतो, तो वापरून ही चूक काढून टाका. फोन पाठीवर झोपवून लेव्हल बघू नका, कारण कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो मुळातच तिरका बसतो.

०.२ अंश म्हणजे किती? ९० सेंटिमीटरच्या फळीवर दोन टोकांमध्ये साधारण ३ मिलिमीटरचा फरक. आपल्या सुतारांच्या भाषेत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढं डोळ्याला फारसं जाणवत नाही. पण एक अंशाची चूक असेल तर त्याच फळीवर जवळजवळ १६ मिलिमीटर, म्हणजे पाच सूत! ती दारातूनच दिसते.

फळी लांब असेल तर नुसता फोन पुरत नाही. १५-१६ सेंटिमीटरचा फोन तेवढ्याच जागेचा उतार सांगतो. एखादी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फळीवर ठेवा आणि फोन तिच्यावर टेकवा. आणि अख्ख्या भिंतीवर एका रेषेत खुणा करायच्या असतील, तर मिस्त्री वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी आपोआप एकाच पातळीवर येतं. आत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, एवढंच बघायचं. दहा फुटांवर ०.२ अंशाची चूक तीन सुतांपेक्षा जास्त होते, तिथे ही साधी नळी कुठल्याही फोनला हरवते. उभ्या रेषेसाठी ओळंबा आहेच.

मेटल डिटेक्टर ॲप: इथे खरा धोका आहे

ही ॲप्स फोनमधला मॅग्नेटोमीटर वापरतात. होकायंत्राला दिशा कळते तीही याच सेन्सरमुळे. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जगभरात साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. आपल्याकडे मोकळ्या जागी साधारण ४०च्या आसपास आकडा दिसतो. जवळ लोखंड आलं की हे क्षेत्र बदलतं, आकडा वरखाली होतो आणि ॲप बीप करतं. बस, एवढंच.

म्हणजे खरं तर तो लोखंड आणि चुंबक ओळखतो, सगळे धातू नाही. भिंतीतल्या सळ्या, खिळे, स्क्रू, लोखंडी स्विच बॉक्स हे पृष्ठभागाजवळ असतील तर कळतात. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम कळत नाहीत. आता तुमच्या भिंतीत वायर कशाची आहे? तांब्याची. ती कशातून गेलीय? आजकालच्या बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पाइपमधून. गीझरकडे जाणारी पाण्याची लाइनसुद्धा नव्या घरांत बऱ्याचदा प्लास्टिकचीच. या तिन्ही गोष्टी फोनला दिसत नाहीत.

'पण वायरमधून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं ना?' बरोबर, शाळेत शिकलोय आपण. पण घरातल्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपमधून शेजारी-शेजारी जातात. दोन्हींतला करंट उलट दिशेने असतो, त्यामुळे त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास खोडून काढतात. त्यात आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते, म्हणून ॲपच्या सरासरी आकड्यात उरलंसुरलंही पुसलं जातं. आणि दिवा-पंखा बंद असेल तर करंटच नाही. वायरमध्ये व्होल्टेज मात्र असू शकतं, आणि शॉक बसायला तेवढं पुरे आहे.

अंतराचाही प्रश्न आहे. छोट्या लोखंडी वस्तूचा परिणाम अंतर दुप्पट झालं की साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. काँक्रीटच्या कॉलममध्ये सळीवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीट असतं, वर प्लास्टर वेगळं. तेवढ्या खोलवरची सळी फोनला कळेलच असं नाही.

एक वाक्य लक्षात ठेवा: ॲपने बीप केलं तर तिथे काहीतरी आहे, बीप केलं नाही तर तिथे काही नाही, असं मुळीच नाही.

ॲप वापरायचंच असेल तर मॅग्नेटवालं कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, आणि एक स्क्रू फोनच्या पाठीवरून फिरवून आकडा सगळ्यात जास्त कुठे उडतो ते शोधा. सेन्सर तिथे आहे. फोनचा तोच भाग भिंतीवरून हळूहळू न्या.

मग ड्रिल मारायचं कसं?

मी हा क्रम पाळतो:

१. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी स्विचबोर्ड, सॉकेट, एसीचे आणि दिव्यांचे पॉइंट बघा. शेजारच्या खोलीतला बोर्डही याच भिंतीत असू शकतो. वायर बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली किंवा एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे आडवी जाते. त्या उभ्या-आडव्या पट्ट्यांपासून निदान अर्धा फूट लांब राहा. पण ही इलेक्ट्रिशियनची सवय आहे, कायदा नाही. कुणी तिरकी वायरही टाकलेली असू शकते.

२. बाथरूम आणि किचनच्या भिंतीत नळ, गीझर आणि बेसिन यांच्यामधली रेषा टाळा.

३. मेन स्विच बंद करा आणि बॅटरीवर चालणारं ड्रिल वापरा. आपल्याला हवा तोच एमसीबी बंद केलाय, असं गृहीत धरणं धोक्याचं. वायरचं ड्रिलच असेल तर काम इलेक्ट्रिशियनला द्या, किंवा ड्रिल भाड्याने आणा.

४. किती खोल जायचंय ते ठरवा आणि ड्रिलच्या बिटवर तेवढ्या अंतरावर रंगीत टेप गुंडाळा. टेप भिंतीला टेकली की थांबायचं.

५. बाहेर येणारी पूड बघा. लाल पूड म्हणजे वीट, राखाडी आणि कडक लागलं तर काँक्रीट. बिट एकदम अडकलं, ठणठण आवाज आला, तर जोर लावू नका. सळी असेल. कॉलम किंवा बीमची सळी कापायची नसते, भोक बाजूला घ्या.

६. भोकात रावल प्लग बसवून मगच स्क्रू पिळा. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं गिट्टी म्हटलं तरी मिळतो.

वारंवार असं काम करणार असाल तर वॉल स्कॅनर नावाचं वेगळं उपकरण मिळतं. ते भिंतीतला धातू आणि चालू वायर दोन्ही शोधायला बनवलेलं असतं. तरीही मेन स्विच बंद करायचाच.

आणि फोनचा सगळ्यात भरवशाचा उपयोग सांगू? कॅमेरा. घराचं काम चालू असेल आणि प्लास्टर व्हायचं असेल, तर प्रत्येक भिंतीचे सरळ समोरून फोटो काढून ठेवा. फ्रेममध्ये मेजरिंग टेप उघडून लावा, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कळेल. फोटोला खोलीचं नाव द्या आणि क्लाउडवर ठेवा. दहा वर्षांनी ड्रिल मारताना हे फोटो कुठल्याही ॲपपेक्षा खरं बोलतील.

कॅमेऱ्याने मोजमाप: अंदाजासाठी ठीक

एआर मेजर ॲप कॅमेऱ्यात दिसणारे ठिपके, कडा आणि फोनची हालचाल जुळवून अंतर काढतं. त्यामुळे गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवर, जिथे पकडायला काही नसतं, तिथे ते गोंधळतं. सोफा दारातून जाईल का, रंग किती लागेल, यासाठी ठीक आहे. पण प्लायवूड कापायचं असेल तर स्टीलचा टेपच घ्या. आठ बाय चारची शीट एकदा चुकीची कापली की संपलं.

लक्स मीटर: कुंडी कुठे ठेवायची?

रोपांच्या बाबतीत फोन खरंच डोळ्यापेक्षा हुशार ठरतो. आपला डोळा प्रकाश कमी झाला की पटकन जुळवून घेतो, त्यामुळे दिवाणखाना आपल्याला 'उजेडाचा' वाटतो. आकडे बघा: भर उन्हात साधारण १ लाख लक्स, ढगाळ दिवशी बाहेर काही हजार, आणि घरात ट्यूबलाइटखाली बऱ्याचदा १०० ते ५०० लक्स. मनीप्लांट कमी उजेडात तग धरतं. पण तुळस, मिरची, टोमॅटोला रोज सहाएक तास थेट ऊन लागतं. तुळस टीव्हीशेजारी का मरते, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

अँड्रॉइडमध्ये हा सेन्सर बहुधा स्क्रीनच्या वरच्या बाजूला असतो. आयफोनवरची ॲप्स कॅमेऱ्यावरून अंदाज काढतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता कुंडीच्या जागी फोन धरा, स्क्रीन आकाशाकडे. आकडे लिहा. अचूकतेच्या मागे लागू नका, इथे जागांची तुलना महत्त्वाची.

ऋतूही लक्षात घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. जूनमध्ये मात्र मुंबई-पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो आणि तीच बाल्कनी सावलीत जाते. बाल्कनीची दिशा बघताना ग्रिलजवळ होकायंत्र उघडू नका. लोखंडामुळे तोच मॅग्नेटोमीटर फसतो. नकाशाच्या ॲपमध्ये सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि इमारत कुठे तोंड करून आहे ते बघा.

परवानगी देण्याआधी

शेवटची गोष्ट. अँड्रॉइडवर लेव्हल किंवा मेटल डिटेक्टरला सेन्सर वाचायला तुमच्या परवानगीची गरज नसते. मोजमापाला कॅमेरा लागतो, तेवढं ठीक. पण लेव्हलचं ॲप कॉन्टॅक्ट्स किंवा मेसेज वाचायला मागत असेल, तर ते लगेच काढून टाका. फळी सरळ आहे की नाही हे कळायला तुमच्या मामाचा नंबर लागत नाही!

तर मित्रांनो, लेव्हल तपासून वापरा, लक्स मीटर बिनधास्त वापरा, एआर टेप अंदाजापुरता ठेवा. आणि भिंतीच्या आतलं मात्र फोनला विचारू नका. घरात कुणी या रविवारी ड्रिल काढणार असेल, तर आधी त्यांना मेन स्विच कुठे आहे ते दाखवा.