लसणाला खाऊ घालायचे ते पहिल्या दोन महिन्यांत



२०२४ साली किरकोळ बाजारात लसूण किलोला ४०० रुपयांच्या पुढे गेला होता. ज्या घरात भाकरीबरोबर लसूण-मिरचीची चटणी हेच पुष्कळदा कालवण असते, त्या घराला अशी महागाई थेट ताटात दिसते. म्हणून या अंकात परसबागेतल्या लसणाविषयी थोडी सविस्तर माहिती देत आहोत. पाड्यावरच्या कुटुंबाला ती उपयोगी पडेल, तशीच घराच्या मागे चार हात जागा असलेल्या आपल्यापैकी कोणालाही.

लसणाला पेरण्याजोगे बी धरत नाही. पाकळी हेच त्याचे बियाणे. त्यामुळे एकदा चांगले गड्डे हाती आले, की दरवर्षी बियाणे घरचेच राहू शकते.

लागवड कधी व कशी?

महाराष्ट्रात लसूण लावायचा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भातकापणीच्या सुमारास पाऊस सरलेला असतो आणि रात्री गार होऊ लागतात. लसूण आधी पाने वाढवतो. पुढे दिवस मोठा होऊन ऊन तापू लागले की गड्डा भरायला घेतो. डिसेंबर उलटून लावला तर पाने पुरेशी येण्याआधीच गड्डा धरू लागतो आणि तो लहानच राहतो.

तीन फूट रुंद व दहा फूट लांब असा वाफा घ्या. पाणी साचू नये म्हणून तो थोडा उंच करा. ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर सुमारे १८० पाकळ्या बसतात. त्यासाठी पाव ते अर्धा किलो लसूण पुरतो आणि पीक साधले तर अडीच-तीन किलो मिळतो.

पाकळ्या लावायच्या दिवशीच सुट्या कराव्यात, पण सोलू नयेत. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या मोठ्या पाकळ्या घ्याव्यात. आतल्या बारीक पाकळ्या चटणीला ठेवाव्यात. टोक वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावाव्यात. बियाणे पहिल्यांदा विकत घेणार असाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘गोदावरी’ व ‘श्वेता’ किंवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे ‘भीमा पर्पल’ हे वाण विचारावेत.

खत किती आणि केव्हा?

अनेकांचा लसूण फसतो तो इथे. गड्डा भरत असताना खत दिले की तो मोठा होईल, असे वाटते. प्रत्यक्षात गड्डा भरतो तो आधी वाढलेल्या पानांच्या जोरावर. उशिरा नत्र मिळाले तर गड्ड्यातल्या पाकळ्यांनाच कोंब फुटतात, मान जाड होते आणि असा लसूण टिकत नाही. म्हणून खत द्यायचे ते पहिल्या दोन महिन्यांत. पुढे हात आखडता घ्यायचा.

वर सांगितलेल्या वाफ्यात लागवडीपूर्वी एक भरलेले घमेले चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्यातून हुमणी आणि तण येते. त्याबरोबर ८०-९० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळावे. त्यातून स्फुरद मिळते आणि गंधकही. लसणाचा वास आणि तिखटपणा गंधकयुक्त द्रव्यांतूनच येतो, म्हणून या पिकाला गंधक महत्त्वाचे. चुलीची राख पालाश देते. ती दोन मुठी पुरे. मात्र ती युरियाबरोबर टाकू नये, नत्र हवेत उडून जाते.

लागवडीनंतर तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी २०-२० ग्रॅम युरिया ओळींमध्ये देऊन पाणी द्यावे. रासायनिक खत नको असेल तर एक भाग गोमूत्रात दहा भाग पाणी घालून दर पंधरवड्याने मुळाशी द्यावे. तेही दोन महिने झाले की थांबवावे.

पाणी, राखण व काढणी

लसणाची मुळे वरच्या थरातच असतात. म्हणून खुरपणी हलक्या हाताने करावी आणि पाणी थोडे पण नेमाने द्यावे. भांडी विसळलेले पाणी या वाफ्याला चालते. कपड्यांच्या साबणाचे मात्र नको. दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसे कामासाठी बाहेरगावी जात असतील, तर मागे राहणाऱ्या आजी-आजोबांनाही एवढा वाफा सांभाळता येतो. पानांवर रुपेरी चट्टे दिसले तर ते फुलकिडे समजावेत आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. हिरवी पात हवी असेल तर कडेची एक ओळ त्यासाठीच राखावी. सगळ्याच रोपांची पात कापली तर गड्डे पोसत नाहीत.

साडेचार महिन्यांच्या सुमारास पाने पिवळी पडून शेंडे वाळतात. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. काढलेला लसूण तीन-चार दिवस वाफ्यातच, एकाच्या पातीने दुसऱ्याचे गड्डे झाकून सुकवावा. मग आठ-दहा दिवस सावलीत ठेवून पातीसकट जुड्या बांधाव्यात आणि वारा लागेल अशा जागी टांगाव्यात.

जुड्या बांधतानाच सर्वांत मोठे आणि घट्ट असे १५-२० गड्डे वेगळे काढून ठेवावेत. चांगले गड्डे विकून किंवा खाऊन टाकले आणि बारीक तेवढे लावले, तर वर्षागणिक पीक लहान होत जाते. चांगले राखले, तर पुढच्या ऑक्टोबरात बाजारात भाव काहीही असो, वाफा घरच्या पाकळ्यांनी भरेल. आणि दोन गड्डे जास्तीचे ठेवता आले, तर शेजारच्या घरीही एक वाफा सुरू होईल.